बायपासआधी मानेची तपासणी: ड्रायव्हरकाकांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी हृदयाच्या ऑपरेशनांसाठी भूल देते. पेशंटची आणि माझी पहिली भेट बहुतेकदा ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी होते. तोवर त्याची फाइल चांगली जाडजूड झालेली असते, आणि जाड फाइल असली की सगळं विचारून झालंय असं वाटायला लागतं. हे प्रकरण त्या समजुतीचंही आहे. नाव, गाव, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते.

वय ६८. एसटीतून चालक म्हणून निवृत्त. चौदा वर्षांचा मधुमेह, बीपीची गोळी, विडी सहा वर्षांपूर्वी सुटलेली. (खरंच सुटली होती का, यावर काकूंचं मत वेगळं होतं.) दोन महिने जिना चढताना छातीत भरून यायचं. ते त्यांनी पित्तावर ढकललं. मग एका पहाटे बसल्या जागी दुखलं, घामाने बनियन भिजलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहून थेट पुण्याला पाठवलं. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, थोडं वाढलेलं होतं. अँजिओग्राफीत लेफ्ट मेन, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी मूळ धमनी, जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथेच ७० टक्के अरुंद निघाली. पुढच्या दोन्ही फाट्यांत अडथळे, आणि उजवी धमनी पूर्ण बंद. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के, म्हणजे थोडं कमी. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडं जास्त.

मधुमेह, लेफ्ट मेन आणि तिन्ही वाहिन्या खराब. बायपासच करायची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. फक्त क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. तिचा असर उतरायला पाच दिवस थांबावं लागतं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनवर छातीचं दुखणं शांत होतं, त्यामुळे थांबणं शक्य होतं. पुढचं सगळं या पाच दिवसांत घडलं.

अडचण

फाइलमध्ये कॅरोटिडच्या, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या, डॉप्लर सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. कुणी विचार करून सांगितलेली तपासणी नव्हती ती. बायपासच्या ठरलेल्या तपासण्यांच्या यादीत छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची फुंकर आणि मानेचा डॉप्लर असा एक संच असतो, त्यातच ती बाहेरच्या एका केंद्रावर उरकली गेली होती. रिपोर्टमध्ये एकच ओळ कामाची: "डाव्या इंटर्नल कॅरोटिडमध्ये ६० ते ७० टक्के अडथळा, उजवीकडे सौम्य बदल."

या ओळीवर मी अडले. डॉप्लर अडथळ्याची टक्केवारी थेट मोजत नाही. तो रक्ताचा वेग मोजतो आणि वेगावरून अडथळ्याचा अंदाज बांधतो. पाइप चिमटीत धरला की धार जोरात जाते, तसं. सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर वेग गेला तर अडथळा ५० टक्क्यांच्या पुढे, २३० च्या वर गेला तर ७० च्या पुढे, असे ढोबळ निकष २००३ पासून बऱ्याच ठिकाणी वापरात आहेत. रिपोर्टमध्ये एकही वेग लिहिलेला नव्हता. आणि "६० ते ७०" हा आकडा बरोबर कुंपणावर बसलेला. अलीकडे पडला तर गोळ्या, पलीकडे पडला तर मानेच्या ऑपरेशनचा विचार.

मी स्टेथोस्कोप मानेला लावला. डावीकडे काहीच ऐकू आलं नाही. उजवीकडे बारीक फुसफुस. म्हणजे रिपोर्टच्या नेमकं उलट. याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. मानेतला आवाज फसवा असतो. धमनी फारच अरुंद झाली की तो पुष्कळदा गप्प होतो, आणि साध्या खडबडीतपणानेही कधी कधी मोठ्याने बोलतो. आमच्या रेडिओलॉजिस्टला विनंती करून डॉप्लर पुन्हा करून घेतला, या वेळी वेगांसकट. डावीकडे ३४०, हृदय सैल पडतानाचा वेग ११८, अलीकडच्या धमनीशी गुणोत्तर साडेचार. उजवीकडे १५०. म्हणजे डावी बाजू नक्की ७० च्या वर, बहुधा ८० च्या घरात, आणि उजवी पन्नाशीच्या थोडी पुढे. त्याच वेळी दोन्ही दंडांचं बीपी घेतलं: १३८ आणि १३४. हे मुद्दाम सांगते, कारण छातीतली जी धमनी बायपासला वापरतात ती डाव्या हाताकडे जाणाऱ्या वाहिनीतून निघते. डाव्या हाताचं बीपी वीस-पंचवीसने कमी आलं असतं तर प्रश्न मानेपुरता राहिला नसता.

मानेतल्या अडथळ्याची बायपासच्या वेळी भीती का, हे घरच्यांना मी नळाचं उदाहरण देऊन सांगते. इमारतीच्या टाकीचं प्रेशर कमी झालं की वरच्या मजल्यावरचा नळ आधी कोरडा पडतो, आणि त्या नळाचा पाइप आधीच गंजलेला असेल तर विचारायलाच नको. हार्ट-लंग मशीनवर किंवा हृदय उचलून धरल्यावर बीपी खाली येतं, तेव्हा मेंदूचा तो भाग तहानेला राहू शकतो. शिवाय अडथळ्यावरचा मऊ गाळ सुटून वर जाऊ शकतो.

पण हे चित्र अर्धंच खरं आहे. रक्तवाहिन्यांचे (व्हॅस्क्युलर) सर्जन रॉस नेलर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. बायपासनंतर लकवा शंभरात साधारण दोघांना. मानेत ५० टक्क्यांच्या वर अडथळा पण लक्षण काही नाही, अशा एका बाजूच्या पेशंटांत तीन. दोन्ही बाजूंना असेल तर पाच. एक बाजू पूर्ण बंद असेल तर सात ते अकरा. तपासलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या मानेत दखल घेण्याजोगं काही नव्हतंच. आणि ज्यांना लकवा आला, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा दोष एकट्या मानेवर ढकलता येत नव्हता. महाधमनीतला चुना (साचलेलं कॅल्शियम), नंतर बिघडलेली हृदयाची लय, हे गुन्हेगार तितकेच मोठे.

तेव्हा अडचण अशी होती: डाव्या बाजूला खरोखरचा मोठा अडथळा आहे. पण "कधी लकवा आला होता का?" या रकान्यात तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत "नाही" लिहिलेलं आहे. लक्षण नसलेला एकाच बाजूचा मोठा अडथळा असेल तर मानेला हात लावण्याची गरज जवळपास नाही. टीमने तसंच ठरवलंही होतं: बायपास करा, बीपी जपा, मानेचं नंतर बघू.

इतिहास पुन्हा घेतला तेव्हा

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भुलेच्या तपासणीला गेले. तोंड किती उघडतं, दात हलतात का, मान मागे जाते का. काकू शेजारी मोसंबी सोलत होत्या. लकवा आला होता का, हे मी विचारलं नाही. ते तिघांनी विचारलेलं होतं. मी विचारलं, "कधी बोलताना शब्द अडखळला? हातातला कप पडला? एका डोळ्यासमोर अंधारी?"

काका म्हणाले, "नाही, डॉक्टरसाहेब."

काकूंनी मोसंबी खाली ठेवली. "अहो, तो पडदा नव्हता का आला? चहाच्या टपरीवर?"

मग गोष्ट निघाली. सातेक आठवड्यांपूर्वी सकाळी टपरीवर पेपर वाचत असताना काकांच्या नजरेसमोर वरून खाली काहीतरी उतरलं. "दुकानाचं शटर ओढावं तसं," ते हाताने दाखवत म्हणाले. चार-पाच मिनिटं राहिलं, मग तसंच वर गेलं. डोकं दुखलं नाही, चक्कर नाही. मी विचारलं, कुठल्या डोळ्यासमोर? बहुतेक पेशंट इथे गडबडतात. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली तरी माणूस "डावा डोळा गेला" असंच म्हणतो, आणि त्या दोन गोष्टींचा अर्थ पार वेगळा असतो. काका म्हणाले, "डाव्या. मी एकेक डोळा झाकून बघितलं ना." ड्यूटीवर डोळ्यात कचरा गेला की कुठला डोळा नीट दिसतोय ते असंच बघायचं, ही तीस वर्षांची सवय.

गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते गेले होते. तिथे मोतीबिंदूची सुरुवात सांगून थेंब दिले. ते थेंब अजून पिशवीत होते.

याला वैद्यकीय भाषेत अमॉरोसिस फ्युगॅक्स म्हणतात. डोळ्याच्या पडद्याला रक्त त्याच बाजूच्या कॅरोटिडमधून जातं. तिथून एखादा कण सुटून डोळ्याच्या धमनीत अडकला आणि विरघळला, की शटर पडतं आणि उघडतं. डोळ्याऐवजी तो कण मेंदूत गेला असता तर "लकवा आला होता का?" या रकान्यात "हो" आलं असतं. आता डावी कॅरोटिड "लक्षण नसलेली" राहिली नव्हती. सात आठवडे म्हणजे सहा महिन्यांच्या आतलं लक्षण, आणि मार्गदर्शक सूचनांत बायपासवेळी मानेचा विचार करायला लावणारी मुख्य रेघ हीच आहे.

फाइलमधला एक शब्द बदलला आणि आधीचा निर्णय मोडीत निघाला.

पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्ट सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, व्हॅस्क्युलर सर्जन, न्यूरोलॉजिस्ट आणि मी एका टेबलाशी बसलो. आधी वाद झाला तो आणखी एका तपासणीवर. मानेपासून मेंदूपर्यंतची सीटी अँजिओग्राफी करायची का? किडनी जरा नाजूक, अँजिओग्राफीचं रंगद्रव्य नुकतंच गेलेलं. मी करावी या बाजूची होते. आपल्याकडच्या लोकांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद असण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे, आणि मानेवर फिरणारा डॉप्लर तिथवर पोचत नाही. क्रिएटिनिन दोन दिवस स्थिर होतं, म्हणून कमी रंगद्रव्यात केली. डाव्या बाजूचा अडथळा पक्का झाला, कवटीच्या आत विशेष काही नव्हतं, पण महाधमनीच्या कमानीत चुन्याच्या पापड्या दिसल्या. ही शेवटची माहिती पुढे फार कामी आली.

मग पर्याय.

फक्त बायपास, मान नंतर. सोपा मार्ग. पण लक्षण दिलेल्या, ७० टक्क्यांच्या वरच्या अडथळ्याबद्दल उत्तर अमेरिकेतल्या १९९१ च्या नॅसेट चाचणीपासून माहिती आहे: दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा गोळ्यांवर शंभरात २६ जणांना, मानेचं ऑपरेशन केल्यावर ९ जणांना. न्यूरोलॉजिस्टने लगेच टोकलं की फक्त डोळ्याचं लक्षण असलेल्यांचा धोका त्यातही कमी असतो, आणि नाजूक हृदयाची माणसं असल्या चाचण्यांत घेतलेली नसतात. दोन्ही मुद्दे बरोबर.

आधी मान, काही दिवसांनी बायपास. मेंदूच्या दृष्टीने उत्तम, हृदयाच्या दृष्टीने जुगार. लेफ्ट मेन असलेल्या माणसाला मानेच्या ऑपरेशनच्या टेबलावरच हार्ट अटॅक येऊ शकतो. कार्डिओलॉजिस्टने मान हलवली आणि हा पर्याय तिथेच संपला.

मानेत स्टेंट. कापाकापी नाही. पण स्टेंटनंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किमान चार आठवडे हव्यात, आणि त्या चालू असताना छाती उघडायची म्हणजे रक्तस्राव. चार आठवडे लेफ्ट मेन थांबेल याची हमी कोण देणार?

दोन्ही एकाच भुलेत. आधी मान उघडून गाळ काढायचा, लगेच बायपास. याच्या विरोधात सगळ्यात वजनदार पुरावा जर्मनीतल्या कॅबॅक्स चाचणीचा. २०१० ते २०१४ दरम्यान १२९ पेशंटांत केलेली, पुरेसे पेशंट न मिळाल्याने मध्येच थांबलेली. तीस दिवसांत लकवा किंवा मृत्यू: दोन्ही एकत्र केलेल्यांत १८.५ टक्के, फक्त बायपास केलेल्यांत ९.७. हार्ट सर्जनने हा आकडा टेबलावर ठेवला तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग व्हॅस्क्युलर सर्जन म्हणाले, "पण ते सगळे लक्षण नसलेले होते." तेही खरं. ज्यांना मानेच्या ऑपरेशनचा फायदा मुळातच थोडा, त्यांच्यात तोटा उठून दिसणारच. काकांसारख्यांसाठी अशी चाचणी झालेलीच नाही.

निर्णय

एकाच भुलेत दोन्ही करायचं ठरलं. पण माझ्या मते खरा निर्णय त्यापुढचा होता: बायपास कसा करायचा. कमानीतल्या चुन्यामुळे सर्जनने महाधमनीला हातच लावायचा नाही असं ठरवलं. हार्ट-लंग मशीन नाही, महाधमनीला चिमटा नाही, तिथे टाका नाही. छातीतली डावी धमनी जागच्या जागी वापरायची, आणि डाव्या हाताची रेडियल धमनी काढून तिला इंग्रजी वायसारखी जोडून बाकीच्या वाहिन्यांना रक्त द्यायचं. मानेचा डॉप्लर झाला नसता तर सीटी झाली नसती, आणि चुना कदाचित छाती उघडल्यावर बोटाला लागला असता.

घरच्यांशी मी बोलले. मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: खर्च किती वाढेल आणि लकव्याचा धोका जाईल का. दुसऱ्याचं उत्तर देताना मी म्हणाले, "कमी होईल." ते खोटं नव्हतं. पण अपुरं होतं. त्याबद्दल पुढे.

ऑपरेशनचा दिवस

टेबलाच्या डाव्या बाजूला नुसती गर्दी. एक सर्जन मानेपाशी, एक हाताच्या पाटीवर रेडियल काढतोय, सिस्टरची ट्रॉली मध्ये. माझी बीपीची सुई उजव्या मनगटात. कपाळावर दोन्ही बाजूंना मेंदूतला ऑक्सिजन दाखवणारे सेन्सर. सुरुवातीला डावीकडे ६४, उजवीकडे ६६.

कॅरोटिडला चिमटा लावला. मी बीपी मुद्दाम चढवून ठेवलं होतं. डावा आकडा ६०, ५५, ५१ आणि ४९ वर थांबला. सुरुवातीच्या आकड्यापासून वीस टक्क्यांहून जास्त घसरला की आम्ही वाट बघत नाही. मी आकडा मोठ्याने सांगितला, सर्जनने शंट, म्हणजे रक्त वळवणारी बारीक नळी, आत सरकवली. दोनेक मिनिटांत आकडा ६१. पुढची चाळीस मिनिटं शांततेत गेली. काढलेला गाळ सर्जनने गॉझवर ठेवून दाखवला. बोटाच्या पेराएवढा पिवळट तुकडा, एका बाजूला फाटलेला, आणि त्या फटीत काळं साकळलेलं रक्त. टपरीवरचं शटर बहुधा इथूनच सुटलं होतं.

मानेची जखम मात्र लगेच शिवली नाही. पुढे बायपाससाठी हेपरिन लागणार, बंद जखमेत रक्त साचून श्वासनलिका दाबली जाण्याची भीती. ओला गॉझ ठेवून छातीकडे वळलो. बायपास सुरळीत झाला, हेपरिन उतरवलं आणि मग मान शिवली. सहा तासांनी आयसीयूत काकांनी डोळे उघडले, दोन्ही हात, दोन्ही पाय हलवले, जीभ सरळ बाहेर काढली. काकूंना फोन करून सांगितलं. मी त्या रात्री घरी जाऊन चक्क झोपले.

नंतरचे दिवस

पहिल्या दिवशी बीपी शंभरच्या आसपास रेंगाळत होतं, म्हणून मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपी आणि ठोके काबूत ठेवणारी गोळी, थांबवली. एकीकडे नव्याने उघडलेल्या कॅरोटिडमुळे बीपी १४० च्या वर जाऊ द्यायचं नाही, दुसरीकडे उजवी बाजू आणि किडनीसाठी फार खाली नको. अशा बोळातून आम्ही चाललो होतो.

दुसऱ्या रात्री दोन वाजता लय बिघडली. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची नुसती थरथर, ठोके १४६. बायपासनंतर दर तीन-चार जणांत एकाला हे होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. लय सुधारणारं अमियोडॅरोन दिलं, अठरा तासांनी लय जागेवर आली. हृदयात गुठळी होऊ नये म्हणून पूर्ण डोसचं हेपरिन द्यायचं का, यावर चर्चा झाली. ४८ तासांच्या आत लय परत येणार असेल तर बरेच जण थांबतात, आणि इथे मानेची ताजी जखम. आम्ही थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सिस्टरने नोंद केली: "पेशंट म्हणतो डावा हात जड वाटतो." निवासी डॉक्टरने पाहिलं आणि लिहिलं: "रेडियल काढलेला हात, सूज, अपेक्षित." तर्क वावगा नव्हता. तिथे कोपरापर्यंत चीर होती, अंगठा बधिर असणं नेहमीचंच. अकरा वाजता फिजिओथेरपिस्टने काकांच्या डाव्या हातात चमचा दिला. बोटं मिटली, पण चमचा धरेना. मग तिचं लक्ष तोंडाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलं. हाताची चीर ओठापर्यंत पोचत नाही.

सीटीत रक्तस्राव नव्हता, मोठी धमनी बंद नव्हती. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध इतक्या मोठ्या ऑपरेशननंतर देता येत नाही. हृदयाला तात्पुरत्या लावलेल्या पेसिंगच्या तारा काढल्यावर एमआरआय केला: मेंदूच्या उजव्या अर्ध्यात दोन लहान ताजे डाग. डावीकडे, जिच्यासाठी आम्ही टेबलाशी दोन तास बसलो होतो, काहीही नाही.

हा लकवा लय बिघडल्यामुळे आला असावा, असा न्यूरोलॉजिस्टचा अंदाज. उजव्या पन्नास टक्क्यांमुळे आला नसेलच, असं तेही म्हणत नाहीत.

मुलगा भेटायला आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात धोका कमी होईल. मग मानेचं केलं कशाला?"

अकराव्या दिवशी घरी सोडलं, रक्त पातळ करणारी गोळी आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनचा मोठा डोस सुरू करून. तीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा काकांनी शर्टाचं वरचं बटण डाव्या हाताने लावून दाखवलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. बोलणं स्वच्छ, चालणं पूर्वीसारखं, छातीत दुखणं नाही. डोळ्यासमोर पडदा पुन्हा आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मानेला हात लावला हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. तो फाटलेला तुकडा मी पाहिलाय. पण मुलाला मी जे सांगितलं ते चुकलं. दोन वाक्यं हवी होती: मानेचं ऑपरेशन एका ठरावीक रस्त्याने येणारा लकवा अडवेल, आणि दुसरे दोन रस्ते उघडेच राहतील. बायपासनंतरचे साधारण निम्मे लकवे पेशंट नीट जागा झाल्यानंतरच्या दिवसांत येतात, हे मला माहीत होतं. ते मी बोलले नाही, कारण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त डावी कॅरोटिड होती.

मेटोप्रोलॉल. पहिल्या दिवशी थांबवणं योग्य, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बीपी ११८ होतं आणि लहान डोसने ती पुन्हा सुरू करता आली असती. आदल्या दिवशीची सूचना कुणी बदलली नाही एवढंच. लय तरीही बिघडली असती का? असेल. पण ही संधी आम्ही घेतली नाही.

सहा ते अकरा हे पाच तास. या वेळी उपचार बदलला नसता. पण मोठी धमनी बंद असती तर गुठळी नळीने ओढून काढण्यासाठी मोलाचे असलेले हे पाच तास वाया गेले असते. आता रेडियल काढलेल्या हाताबद्दल तक्रार आली की आधी चेहरा आणि बोलणं तपासायचं, मग हाताची पट्टी सोडायची, असं आयसीयूत ठरलंय. निवासी डॉक्टरवर कुणी खेकसलं नाही. त्या वॉर्डात त्या सकाळी मी असते तर मीही बहुधा तेच लिहिलं असतं.

आणि तपासणी कुणाची करायची? या प्रकरणानंतर विभागात दोन टोकं पडली. एक म्हणे सगळ्यांचाच डॉप्लर करा, सुईदेखील टोचत नाही. मी दुसऱ्या बाजूची. दहांपैकी नऊ रिपोर्ट निरुपयोगी येणार, आणि दहावा वेगांशिवाय "६० ते ७० टक्के" असा आला तर बायपास उगाच लांबणार. आता आम्ही २०११ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतल्या यादीच्या जवळपास राहतो: पासष्टीच्या पुढचं वय, लेफ्ट मेन, पायाच्या धमन्यांचा आजार, पूर्वीचा लकवा किंवा त्याची चुणूक, आणि बीपी, मधुमेह, तंबाखू. आपल्याकडे या यादीतून सुटणारे थोडेच, हे मान्य. म्हणून रिपोर्टमध्ये वेग नसतील तर तो परत पाठवायचा, हे मी जास्त धरून बसले.

भुलेच्या तपासणीच्या कागदावर "लकवा आला होता का?" च्या खाली आता तीन प्रश्न छापलेत. शब्द अडखळला का, हातातली वस्तू पडली का, एका डोळ्यासमोर पडदा आला का. आणि कंसात: घरच्यांनाही विचारा. परवा एका बाईंनी तिसऱ्याला "हो" म्हटलं. निवासी डॉक्टर धावत आला. मी विचारलं, कुठल्या डोळ्यासमोर? दोन्ही असतील, त्या म्हणाल्या, काय माहीत, झाकून कोण बघतंय.